तहान विझवा

बिनचूक मराठी लिहिणारी यंत्रं आता पैशाला पासरी झाली होती. चुकीचं मराठी लिहिणारा, आणि तेही ऐकणाऱ्याच्या मस्तकात तिडीक जाईल असं मोजूनमापून लिहिणारा माणूस मात्र महाराष्ट्रात एकच होता. दिगंबर खैरनार, वय अठ्ठावन्न, मुक्काम इंदिरानगर, नाशिक.

पंचवीस वर्षं त्यांनी हिंदी जाहिरातींचं मराठी केलं होतं. मग यंत्रं आली आणि ऑफिसातल्या अकरा अनुवादकांपैकी दहा जण घरी गेले. खैरनार राहिले ते एका चुकीमुळे. एका दुपारी यंत्र बंद पडलं होतं आणि सरबताची एक जाहिरात संध्याकाळी दाखवायची होती. घाईघाईत त्यांनी 'प्यास बुझाओ'चं 'तहान विझवा' करून टाकलं. विझवतात ती आग, तहान भागवतात. हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण तोवर जाहिरात अठरा वाहिन्यांवरून गेली होती. चौथ्या दिवशी खैरनारांना वरच्या मजल्यावरून बोलावणं आलं. गच्छंतीच, असं धरून त्यांनी टेबलाचा खणसुद्धा आवरून ठेवला.

वर डॉ. अवनी टिपणीस बसल्या होत्या. 'कानोसा' नावाच्या कंपनीच्या त्या प्रमुख. जाहिरात बघताना माणसाला काय वाटतं, ते मोजायचं हा त्यांचा उद्योग.

"हे वाक्य तुम्ही लिहिलंत?"

"चूक झाली मॅडम. घाई होती, म्हणून..."

"अजून अशा चुका करता येतील?"

खैरनारांना वाटलं, बाई टोमणा मारताहेत. पण टिपणीसबाईंनी भिंतीवर एक आलेख उमटवला आणि समजावून सांगायला सुरुवात केली. आता घरोघरच्या टीव्हीखाली 'कानोसा'ची एक काळी पट्टी असते. दर ठोक्याला रक्त चेहऱ्यावर येतं आणि ओसरतं. आपल्याला तो फरक दिसत नाही, पट्टीला दिसतो. त्यावरून ती नाडी मोजते, आवळलेला जबडा आणि कपाळावरची आठी टिपते, खोलीतलं बोलणं ऐकते आणि शंभरापैकी एक आकडा देते. त्या आकड्याला कंपनीत सगळे सरळ 'चीड' म्हणत. सगळ्या वाहिन्या फुकट मिळतात म्हणून लोकांनी पट्टी बसवून घेतली होती. खालच्या अटी कुणी वाचल्या नव्हत्या.

"लोकांना आवडलेली जाहिरात चार दिवसांत पुसली जाते," टिपणीसबाई म्हणाल्या. "चीड आणणारी चार महिने टिकते. कारण सोपं आहे. आपण ऐकतो तेव्हा मेंदू नेहमी एक शब्द पुढे चालत असतो. 'तहान' ऐकलं की 'भागवा' त्याने तयारच ठेवलेलं असतं. तिथे 'विझवा' आलं की जिन्याची पायरी चुकावी तसा तो धडपडतो. पुन्हा धडपडू नये म्हणून ती जागा तो पक्की लक्षात ठेवतो. आणि टीव्हीला उलट बोलता येत नाही, म्हणून चीड आतच मुरते."

"पण मॅडम, चिडलेला माणूस ते सरबत घेईल कशाला?"

"दोन आठवड्यांनी तो का चिडला होता हे विसरतो. नाव तेवढं उरतं. दुकानात दहा बाटल्या असतात, त्यात ही ओळखीची वाटते. आणि ओळखीलाच मेंदू विश्वास समजतो."

"मग यंत्राकडूनच करून घ्या की चुका."

"करून घेतल्या. लोक हसले. परक्याची चूक लागत नाही हो खैरनार. लागणारी चूक घरातल्या माणसालाच जमते."

त्या दिवशी खैरनार पेढे घेऊन घरी गेले. कसले पेढे, ते मात्र त्यांनी बायकोला सांगितलं नाही. सांगणार तरी कसे? प्रमिलाबाईंनी एकोणतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं होतं.

निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी त्यांच्या आतली बाई काही निवृत्त झाली नव्हती. शाळेत त्या फळ्याचे दोन भाग करायच्या, डावीकडे अशुद्ध, उजवीकडे शुद्ध. तीच सवय तोंडाला जडली होती. जाहिरात लागली की त्या आवाज बंद करायच्या नाहीत. हातातलं काम थांबवायच्या आणि टीव्हीकडे बघून खणखणीत म्हणायच्या, "अशुद्ध, तहान विझवा. शुद्ध, तहान भागवा." आधी चूक स्वतःच्या तोंडाने म्हणायची आणि मग दुरुस्त करायची, हा त्यांचा नेम. आवाज शेजारच्या दोन बंगल्यांत जाई.

खैरनार सटाण्याकडच्या एका खेड्यातले. घरची बोली अहिराणी. लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत, आठ-दहा पाहुण्यांच्या देखत त्यांनी 'पानी' मागितलं होतं. नवी नवरी हसत म्हणाली होती, "अशुद्ध, पानी. शुद्ध, पाणी." पाहुणे पोट धरधरून हसले. खैरनारही हसले. त्याला आता एकतीस वर्षं झाली होती. त्यांचा 'ण' केव्हाच सुधारला होता, पण तो उच्चारण्याआधी ते अजूनही कणभर थांबायचे. प्रमिलाबाईंवर त्यांचं प्रेम नव्हतं असं नाही, चांगलं होतं. पण त्या अर्ध्या क्षणाच्या थांबण्याचा राग होता, आणि तो प्रेमाइतकाच जुना होता.

महिन्याभराने टिपणीसबाईंनी त्यांना एका घराचा आलेख दाखवला. पट्टीच्या नोंदीत नाव नसतं, फक्त शहर आणि वेळ असते.

"नाशिकमधलं घर आहे. चीड चौऱ्याण्णव. राज्यात सगळ्यात वर. आणि गंमत बघा, ही बाई चूक स्वतः मोठ्याने म्हणते. आपण एकदा म्हणतो, ती दुसऱ्यांदा म्हणते. सोन्याची खाण आहे! यापुढे तुम्ही हिच्यासाठीच लिहा. हिला लागलं की राज्याला लागतं."

आलेखाखाली वेळ होती, रविवार, सकाळी आठ वाजून दहा मिनिटं. त्या वेळी समोरच्या सोफ्यावर बसून आपण चहा पीत होतो, हे खैरनारांना आठवलं. घर आपलंच आहे, हे त्यांनी टिपणीसबाईंना सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी चादरीच्या जाहिरातीत लिहिलं, 'थंडी लागते?' थंडी लागत नाही, वाजते, हे सांगून सांगून प्रमिलाबाईंचा शाळेत घसा बसायचा. मदतीच्या एका ॲपसाठी लिहिलं, 'माझी मदत करा.' विम्यासाठी लिहिलं, 'काळजी ठेवा.' दिवसाला पन्नास पन्नास वेळा ही वाक्यं लागायची. प्रमिलाबाईंच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, आणि वर्तमानपत्राआडून खैरनार त्या पाळ्या बघायचे. कामाचं समाधान वेगळं आणि सुडाचं वेगळं. त्यांना दोन्ही मिळत होती.

"अहो, कोण लिहितं हो हे?" एकदा त्या कळवळून म्हणाल्या. "त्याच्या आईने त्याला मराठी शिकवलं नाही का?"

"असेल कुणी पोटार्थी," खैरनार म्हणाले. त्यांच्या आईने त्यांना मराठी शिकवलं नव्हतं, हे खरंच होतं. तिला अहिराणीच येत होती.

फेब्रुवारीत एका सकाळी मेथी निवडता निवडता प्रमिलाबाई उजवीकडे कलल्या त्या सावरल्याच नाहीत. मेंदूच्या डाव्या भागात गुठळी. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. मुलगी ऋजुता पुण्याहून आली. बापलेक आठ दिवस आयसीयूच्या बाहेर बसून होते. नवव्या दिवशी प्रमिलाबाईंना वॉर्डात आणलं. नर्स उशाशी पाण्याचा जग ठेवत होती. त्याच्याकडे बघून त्यांचे ओठ हलले आणि स्पष्ट, सुरेल आवाज आला,

"तहान विझवा."

"पप्पा, आई बोलली!" ऋजुता रडत रडत हसली. वॉर्डातली दोन-तीन माणसंही हसली, जाहिरात सगळ्यांच्या ओळखीची होती. हसल्या नाहीत त्या प्रमिलाबाई. आपल्या तोंडून काय बाहेर पडलं हे त्यांना कळलं होतं. त्यांनी डावा हात तोंडावर दाबला. मग हात काढून त्या वाट बघत राहिल्या. डावा रकाना झाला होता, उजवा यायचा होता. जबडा हलला, गळ्याच्या शिरा ताणल्या. उजवा रकाना आला नाही.

वाचा शिकवायला फरहीन शेख यायची. तिशीतली, स्वभावाने गोड मुलगी. तिने खैरनारांना सांगितलं, "काका, नवं वाक्य जुळवायची जागा डावीकडे असते, ती गेलीये. पण पाठ झालेलं दुसरीकडे राहतं. शिव्या, आरत्या, गाणी असं सगळं. काकूंना काही पाठ होतं का?"

"शेकड्यांनी कविता."

"एकही येत नाहीये. नवलच आहे. ज्याच्यावर चिडायच्या तेवढंच राहिलंय."

नवल कसलं? चुकीबरोबर चीड यायची आणि दुरुस्तीबरोबर समाधान. चीड टिकते, समाधान पुसलं जातं. हे महाराष्ट्रात दोघांनाच पुरतं ठाऊक होतं, आणि त्यातले एक खैरनार होते. ते मान हलवून "नवलच" म्हणाले.

घरी आल्यावर प्रमिलाबाईंकडे एकूण चार वाक्यं होती. पाणी हवं असलं की 'तहान विझवा'. पांघरूण हवं असलं की 'थंडी लागते'. संडासला जायचं असलं की 'माझी मदत करा'. आणि कुणी भेटून निघालं की 'काळजी ठेवा'. प्रत्येक वाक्यानंतर त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. भेटायला येणाऱ्यांना वाटायचं, आजारपणाने हळव्या झाल्यात.

तीन महिने नेहमीचे उपाय करून झाले. एक शब्द वाढला नाही. तेव्हा फरहीनने 'कानोसा'कडून घरच्या पट्टीचे आकडे मागवले, ते पट्टीवरच दिसतील अशी सोय करून घेतली आणि दुसराच मार्ग सुचवला. "काका, चिडीची एवढी एकच वाट उघडी आहे. नवं वाक्य आत जायचं तर तिथूनच जाईल. म्हणजे ते चुकीचं हवं, काकूंना झोंबेल असं. दिवसातून चाळीस वेळा टीव्हीवर वाजवायचं. मला वाईट वाटतं सांगायला. पण तुम्ही भाषेतले आहात, तुम्हाला जमेल."

पहिलं वाक्य 'नको' म्हणण्यासाठी. खैरनारांनी लिहिलं, 'मला नाही पाहिजे आहे.' अठराव्या दिवशी प्रमिलाबाईंनी दुधाचा पेला दूर लोटला आणि ते म्हटलं. ऋजुताने पुण्यात ऑफिसात पेढे वाटले.

दुसरं वाक्य ऋजुताला बोलावण्यासाठी हवं होतं. खैरनार जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसले. शेजारी चाकांच्या खुर्चीत प्रमिलाबाई. 'ऋजुताला फोन करून द्या,' खैरनारांनी लिहिलं. पर्याय म्हणून खाली आणखी तीन चुका लिहिल्या. हात कुठे अडला नाही, खाडाखोड नाही. आणि तिथेच घात झाला. एकोणतीस वर्षं वह्या तपासलेल्या बाईसमोर ते लिहीत होते. पोर चाचपडत लिहितंय की रोजच्या सवयीने, हे त्या नुसत्या मनगटाकडे बघून सांगायच्या. तेवढ्यात टीव्हीवर लागलं, 'काळजी ठेवा.' प्रमिलाबाईंनी टीव्हीकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग नवऱ्याकडे. मग डाव्या हाताने त्यांनी टेबलावरचं लाल पेन उचललं आणि चारही ओळींपुढे एकेक बरोबरची खूण केली.

"हो," खैरनार म्हणाले. "मीच."

त्यांनी लाल पेन खाली ठेवलं.

"सगळ्यांच्या देखत हसली होतीस तू. 'पानी' म्हणालो म्हणून. एकतीस वर्षं मी प्रत्येक शब्द..." ते मध्येच थांबले. समोरच्या बाईला उत्तर देता येत नव्हतं, आणि उत्तर न देणाऱ्या माणसाशी भांडण पुढे जात नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा शेवटचा शब्द त्यांचा होता, आणि तो तोंडात आंबट झाला.

त्या घटकेपासून प्रमिलाबाईंनी बोलणं सोडलं. तहान लागली की रिकामा पेला नुसता पुढे धरायच्या. थंडी वाजली तर कुडकुडायच्या. एकदा ओल्या कपड्यांत दोन तास बसून राहिल्या, पण 'माझी मदत करा' म्हणाल्या नाहीत. नवऱ्याने लिहिलेला एकही शब्द त्यांना आता तोंडात नको होता, आणि दुसरे शब्द त्यांच्याकडे नव्हते.

अकराव्या दिवशी फरहीन खैरनारांना बाजूला घेऊन म्हणाली, "वापर थांबला की वाट बुजते, काका. आहेत ती वाक्यंही चालली. आता बाकी सगळं राहू द्या, 'पोटात दुखतंय' एवढंच शिकवा. पेशंटला दुखणं सांगता आलं पाहिजे. काकूंना पित्ताशयात खडे आहेत, डॉक्टरांनी लिहिलंय."

"आजच बसतो," खैरनार म्हणाले.

ते बसलेही. कागदावर 'पोट' लिहिलं आणि खोडलं. मग त्याखाली लिहिलं, 'मी तुम्हाला माफ करून दिलं.'

'माफ कर दिया'चं हुबेहूब वाईट मराठी. ते वाचताना त्यांच्या स्वतःच्याच अंगावर काटा आला, म्हणजे वाक्य पक्कं होतं. पोटाचं काय, महिन्याभराने शिकवू. आधी तिचं मन मोकळं झालं पाहिजे, असं त्यांनी स्वतःला समजावलं. मन तिचं की आपलं, या प्रश्नाजवळ ते फिरकले नाहीत. फरहीनने विचारलं की "चाललंय, चाललंय" म्हणायचे आणि ती यायच्या आत टीव्ही बंद करायचे.

वाक्य वाजू लागलं. दिवसातून चाळीस वेळा, मग साठ वेळा. प्रमिलाबाई कान झाकायच्या, पण एका हाताने एकच कान झाकता येतो. पट्टीवरचा आकडा ऐंशीच्या खाली येत नव्हता. जुनी पाच वाक्यं मात्र तोवर बुजून गेली होती. तेविसाव्या दिवशी, शनिवारी सकाळी आठच्या सुमाराला, खैरनार चहा गाळत असताना बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

"मी तुम्हाला माफ करून दिलं."

गाळणी तशीच टाकून ते धावले. त्यांनी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि लहान मुलासारखे रडले. लिहिलेलं आपलंच आहे हे त्यांना ठाऊक होतं. पण ज्याला हवं असतं त्याला एवढं पुरतं. लोक सरबत घेत होते ते काय वेगळं होतं?

"मी तुम्हाला माफ करून दिलं," प्रमिलाबाई पुन्हा म्हणाल्या. या वेळी जरा मोठ्याने.

त्यांनी ऋजुताला फोन लावला. "बेटा, आई बोलली! माझ्याशी बोलली!" ऋजुता दहाच्या बसने निघते म्हणाली. सकाळभर प्रमिलाबाई तेच म्हणत राहिल्या. दहा मिनिटांनी, मग पाच मिनिटांनी. फरहीन शनिवारी येत नसे. दुपारी प्रमिलाबाईंनी जेवण तोंडात घेतलं नाही, खैरनारांचा हात पकडून ओढला आणि स्वतःच्या पोटावर दाबून धरला. एवढ्या वर्षांत त्यांनी असा हात कधी धरला नव्हता. खैरनारांनी आपला दुसरा हात त्या हातावर ठेवला. पट्टीवर अठ्ठ्याण्णव आकडा झळकत होता, चौऱ्याण्णवचा त्यांचा जुना विक्रम मोडून. ते बघून त्यांना हसूच आलं. माफ केलं, तरी व्याकरणाने जीव जातोय बिचारीचा!

"मी तुम्हाला माफ करून दिलं!" त्या ओरडल्या. कपाळावर घाम डवरला होता.

"अगं हो, कळलं मला," त्यांनी पदराने तिचा घाम टिपला. "पण 'करून दिलं' नाही गं म्हणत. 'माफ केलं' म्हणावं. म्हण बघू माझ्याबरोबर. माफ... केलं..."

प्रमिलाबाईंनी त्यांचा हात पोटावर आणखी दाबला. मग त्यांनी पुन्हा तेच म्हटलं, पुन्हा म्हटलं, आवाज फुटेपर्यंत म्हटलं. खैरनार दर वेळी प्रेमाने दुरुस्त करत राहिले.

चारला ऋजुता आली. तोवर प्रमिलाबाईंचे नुसते ओठ हलत होते. ओठांवर तेच वाक्य होतं. हातपाय गार पडले होते. ऋजुताने बॅग दारातच टाकली, बापाचा हात बाजूला सारून आईच्या पोटावर हात ठेवला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. पोट पाटासारखं कडक झालं होतं.

"पप्पा," ती किंचाळली, "ही केव्हापासून सांगतेय तुम्हाला?"

"सकाळपासून," खैरनार म्हणाले.